मुळशीच्या आतल्या गावांकडे

पुण्याच्या चांदणी चौकातून पश्चिमेकडे निघालेला रस्ता भूगाव, भुकूम व पिरंगुट ही गावे मागे टाकीत पौडला पोचतो. पौड हे मुळशी तालुक्याचे मुख्य ठिकाण. तहसील कचेरी, पंचायत समिती, न्यायालय, ग्रामीण रुग्णालय आणि या साऱ्यांच्या आधाराने उभी राहिलेली बाजारपेठ असे या छोट्या गावाचे स्वरूप आहे. सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी, औषधपाण्यासाठी, बी-बियाण्यासाठी अथवा मुलीच्या लग्नाच्या बस्त्यासाठी डोंगरातून उतरलेला माणूस येथे भेटतो. पुण्याहून आलेला प्रवासी मात्र बहुधा येथे थांबत नाही. चहापुरती पाच मिनिटे गाडी उभी राहिली तर राहिली. एरवी ती ताम्हिणी घाटाच्या दिशेने निघून जाते.

प्रस्तुत लेखाचा विषय आहे तो पौडच्या पुढची, मुख्य रस्त्यापासून आत वळलेली गावे व वाड्या, आणि तेथे जाणारा बाहेरचा माणूस. बाहेरचा माणूस म्हणजे केवळ सहलीस निघालेला नागरिक नव्हे. ग्रामपंचायत अधिकारी व ग्राम महसूल अधिकारी (गाव त्यांना अजून ग्रामसेवक आणि तलाठीच म्हणते), शिक्षक, आरोग्यसेविका, आणि कधीमधी आमच्यासारखे माहिती खात्याचे लोक, हे सारे तेथे पाहुणेच असतात. कोणाच्या घरी केव्हा जावे व कसे जावे, याचे जे तारतम्य आपण शहरात पाळतो ते डोंगर चढताना बहुधा खाली ठेवून जातो.

मुळशी तालुक्याची घडण मोठी विलक्षण आहे. पूर्वेकडच्या सपाटीवर हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान उद्यान आहे. तेथील काचेच्या इमारतींत बसून लोक सातासमुद्रापलीकडच्या कंपन्यांची कामे करतात. त्याच तालुक्याच्या पश्चिम कडेला, सह्याद्रीच्या माथ्यावर, निवे, ताम्हिणी, भांबर्डे, एकोले, तैलबैला ही गावे आहेत. घनगडाच्या पायथ्याशी किंवा तैलबैलाच्या दोन उभ्या कातळभिंतींच्या छायेत वसलेल्या या गावांतून खाली पाहिले तर कोकण दिसते. कागदावर दोन्ही टोके एकाच तहसीलदाराच्या अखत्यारीत येतात. अंतराने मोजू गेल्यास घाटमाथ्यावरील गाव पुण्यापासून साठ-सत्तर किलोमीटरवर, म्हणजे दोन-अडीच तासांच्या वाटेवर. मग त्यांस दुर्गम का म्हणावे, असा प्रश्न नवख्या अधिकाऱ्यास पडतो. त्याचे उत्तर किलोमीटरच्या दगडांवर सापडत नाही. ते काही अंशी पावसात आहे, काही अंशी डोंगराच्या चढात, आणि बऱ्याच अंशी गेल्या शंभर वर्षांच्या इतिहासात आहे.

पाण्याने बदललेला नकाशा

मावळ हा मुळातच खोऱ्यांचा मुलूख. मुठा नदीचे मुठे खोरे, मोसे नदीचे मोसे खोरे, पौडचे खोरे, कोळवणचे खोरे, त्यापलीकडचे कोरबारसे. जुन्या कागदपत्रांत गावाच्या आधी खोऱ्याचे नाव येते. मुठे खोऱ्यातील मारणे, मोसे खोऱ्यातील पासलकर ही देशमुख घराणी शिवकालापासून इतिहासास परिचित आहेत. माणसांचे येणे-जाणे, सोयरीक, देवाची पालखी, गुरांचा बाजार हे सारे नदीच्या काठाकाठाने चाले.

मुळा नदीच्या खोऱ्यात विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात धरणाची आखणी झाली. टाटा कंपनीने वीजनिर्मितीसाठी हे धरण योजले होते आणि त्याकरिता सुमारे ५० गावांच्या जमिनी १८९४ च्या भूसंपादन कायद्यान्वये घ्यावयाच्या होत्या. खोऱ्याच्या तळाची ती भाताची खाचरे होती. मावळ्यांनी त्यास विरोध केला व १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशी सत्याग्रहास प्रारंभ झाला. 'जान किंवा जमीन' ही त्या लढ्याची घोषणा होती. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट या लढ्याचे अग्रणी झाले व तेथूनच 'सेनापती' ही उपाधी त्यांच्या नावास कायमची जोडली गेली. विनायकराव भुस्कुटे हे त्यांचे प्रमुख सहकारी. धरणाविरुद्ध संघटितपणे झालेल्या जगातील अगदी पहिल्या लढ्यांत मुळशीची गणना अभ्यासक करतात. प्रा. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा सविस्तर इतिहास लिहिला आहे. पुष्कळशा जमिनी पुण्यातील सावकारांकडे गहाण पडल्या होत्या. त्यामुळे जमिनीचा मालक कोण आणि मोबदला कोणी घ्यावा या प्रश्नावर सावकार व कूळ यांच्या वाटा फुटल्या. १९२४ अखेर लढा ओसरला, बापटांना दीर्घ कारावास भोगावा लागला, आणि १९२७ मध्ये कोकणातील भिरा येथील वीजगृह सुरू झाले.

मुळा नदी एरवी पुण्यात मुठेस मिळून पुढे भीमा व कृष्णेच्या मार्गाने बंगालच्या उपसागराकडे जाते. धरणाने अडवलेले तिचे पाणी मात्र घाटमाथ्याखालील बोगद्यातून व नळांतून भिऱ्याच्या यंत्रांवर पडते आणि कुंडलिकेच्या पात्रातून अरबी समुद्रास मिळते. या पाण्यावर तयार झालेली वीज मुंबईस गेली. तलावाच्या काठच्या वाड्यांपर्यंत वीज येण्यास पुढे कित्येक दशके जावी लागली.

हा इतिहास येथे सांगण्याचे कारण असे की, त्यावाचून आजचे गाव वाचता येत नाही. तलावाभोवतीची अनेक गावे ज्या जागी दिसतात त्या जागी ती पूर्वी नव्हती. तळची खाचरे बुडाल्यावर काही कुटुंबे दूरदेशी गेली, काही वर सरकली व उतारावरच्या हलक्या, मुरमाड जमिनीत त्यांनी नव्याने खाचरे बांधली. पूर्वी समोरच्या काठावरचे गाव नदी उतरून गाठता येई. आज त्याच दोन गावांमधून तलावाचे लांबच लांब फाटे गेले आहेत आणि वळसा घालून जावे लागते. दृष्टीस पडणारे गाव पायांना मिळत नाही, असे एका वृद्ध गृहस्थांनी मला सांगितले. तलावाचे छायाचित्र काढणाऱ्या पाहुण्यास हे ठाऊक असावे एवढीच अपेक्षा. शाळेतील मुलांस तरी ते ठाऊक असलेच पाहिजे. कारण ज्या सत्याग्रहाचा उल्लेख इतिहासाच्या ग्रंथांत आढळतो, तो त्यांच्या पणजोबांनी केलेला आहे. शिक्षकांनी मनावर घेतल्यास गावातील जुन्या घरांच्या, शेतांच्या, देवळांच्या बुडालेल्या जागांची नावे वृद्धांकडून उतरवून घेता येतील. शेताशेताला नाव असते, आणि ती नावे सांगू शकणारी पिढी आता थोडी उरली आहे.

भाताचे वर्ष

घाटमाथ्यावरचे जीवन भातावर चालते. चैत्र-वैशाखात शेताच्या एका तुकड्यावर शेण, पालापाचोळा, झाडांच्या कापलेल्या फांद्या, गवत आणि वर मातीचा पातळ थर असे रचून तो भाजतात. यास राब म्हणतात. भाजलेल्या जमिनीत तण उरत नाही, राखेचे खत मिळते आणि रोप जोमाने उगवते. मृगाच्या सुमारास त्यात बी पेरायचे, आषाढात ते रोप, म्हणजे आवण, उपटून चिखल केलेल्या खाचरात लावायचे. लावणीस हात अपुरे पडतात, म्हणून गाव इर्जिक करते. आज एकाच्या शेतात सारे, उद्या दुसऱ्याच्या. मजुरी नाही, ज्याचे काम त्याने जेवण घालायचे. यंत्र आणि रोजंदारी आल्यामुळे ही चाल पातळ झाली आहे, परंतु नाहीशी झालेली नाही. उतारावर नाचणी आणि वरई. पावसाळ्याच्या आरंभी कुरडू, भारंगी, टाकळा, करटुली या रानभाज्या आणि ओढ्यातील खेकडे हा घरोघरचा स्वयंपाक. हल्ली शहरातून रानभाज्यांची प्रदर्शने भरतात व तेथे चांगली गर्दी होते. मुळशीतल्या गृहिणीस त्याची मोठी मौज वाटते.

मुळशी-मावळचा आंबेमोहर तांदूळ प्रसिद्ध आहे. शिजताना आंब्याच्या मोहोराचा वास येतो म्हणून हे नाव. मात्र त्याचे पीक उशिरा तयार होते, ताटे उंच वाढून वाऱ्याने लोळतात व उतारा कमी पडतो. महात्मा फुले कृषी विद्यापीठाने १९८७ मध्ये आंबेमोहरच्याच एका जातीपासून संकरित केलेला इंद्रायणी हा वाण प्रसारित केला आणि थोड्याच वर्षांत त्याने मावळातील खाचरे व्यापली. शेतकऱ्याने हिशेब करून केलेली ही निवड आहे. तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही. तथापि एखाद्या घरी पाहुण्यासाठी अजून आंबेमोहर शिजतो तेव्हा तो बाजारातून आणलेला नसतो, घरच्यांपुरता एखाद्या लहानशा खाचरात केलेला असतो. असा भात ताटात आल्यास तो कोणत्या खाचरातला हे विचारावे. यजमानास त्याहून अधिक आवडणारा दुसरा प्रश्न मला अद्याप सापडलेला नाही.

गाव म्हणजे एकच एक वस्ती, अशी समजूत येथे उपयोगी पडत नाही. मुख्य गावाच्या वर, सड्यावर, धनगरवाडा असतो. म्हशी व त्यांचे दूध यांवर तेथील संसार चालतो. गावाच्या कडेला कातकरी वस्ती असते. कातकरी ही राज्यातील विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक जमात. दिवाळीनंतर यांतील बरीच कुटुंबे वीटभट्ट्यांवर व अन्य कामांवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. हिवाळ्यात वस्तीस भेट देणाऱ्याने बंद झोपड्या पाहून 'वस्ती ओसाड' असा शेरा मारू नये. शाळेच्या हजेरीपटावरील मुले तेव्हा कोठे असतात हे शिक्षकांस ठाऊक असते; त्या महिन्यांसाठी काय करावयाचे हे मात्र शिक्षकांवर एकट्यावर सोडून चालणार नाही.

देवराईचाही उल्लेख येथे केला पाहिजे. विंझाई, वाघजाई, काळूबाई, भैरवनाथ अशा दैवतांच्या नावे राखलेली ही राने. त्यांतील काडीही घरी नेऊ नये असा दंडक आहे. डॉ. वा. द. वर्तक व डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास प्रसिद्ध केला तेव्हा या दंडकातील शहाणपण विद्वानांच्या लक्षात आले. गावकऱ्यांनी ते शास्त्र म्हणून पाळले नव्हते. देवीचा धाक म्हणून पाळले होते. त्या धाकामुळेच गावाशेजारचा झरा उन्हाळ्यात टिकून राहतो, हे अनेक ठिकाणी पाहावयास मिळते. देवराईत पादत्राणे काढून जावे, मोठ्याने गाणी लावू नयेत, आणि फांदी तर मुळीच मोडू नये. ताम्हिणी परिसराचा काही भाग २०१३ पासून अभयारण्य म्हणून घोषित आहे; तेथील नियम वन खात्याचे आहेत. देवराईचे नियम त्याहून जुने आहेत आणि ते फलकावर लिहिलेले नसतात.

कोण केव्हा येतो

सरकारी माणूस या गावांत बहुधा कार्तिक ते फाल्गुन या काळात येतो. रस्ते कोरडे असतात, हवा आल्हाददायक असते आणि आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी कामे दाखवावयाची असतात. या दिवसांत ओढ्यावरचा साकव सुस्थितीत दिसतो, शाळेचे छप्पर गळत नाही आणि आरोग्य उपकेंद्र वाटेवरच असल्यासारखे वाटते. मीही कित्येक वर्षे याच काळात गेलो व 'गावाची प्रगती समाधानकारक' अशा आशयाची वाक्ये लिहिली, हे कबूल केले पाहिजे.

एकदा जुलैत जाण्याचा प्रसंग आला. निव्याच्या पुढे रस्त्यावर दरडीची माती आली होती. जीप तेथेच ठेवून आम्ही दोघे पायी निघालो. पूर्वी या भागात बांबूच्या कामट्या व पाने यांचे इरले डोक्यावर घेऊन बाया लावणी करीत. आता मेणकापडे आली आहेत, पण ओणवून काम करण्याची तऱ्हा तीच. वाडीत पोचेपर्यंत आम्ही चिंब भिजलो होतो. पहिल्याच घराच्या पडवीत बसलेल्या वृद्धाने विचारले, "साहेब, ह्या पावसात कसं येणं केलंत? कोण गेलं?" प्रश्न मला लगेच उमगला नाही. पावसात सरकारी माणूस आला की तो पंचनाम्यासाठीच येतो, हा त्यांचा अनुभव होता. आम्ही सहज आलो आहोत हे त्यांना पटविण्यास चहाचे दोन कप लागले. त्यानंतर त्यांनी घरामागे नेऊन डोंगराच्या अंगाला पडलेली भेग दाखविली. गेल्या पावसात बोटभर होती, आता हात जातो, असे ते म्हणाले. ३० जुलै २०१४ रोजी याच जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात माळीण गावावर डोंगर कोसळून दीडशेहून अधिक माणसे दगावली, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. डिसेंबरच्या दौऱ्यात ती भेग कोणी मला दाखविली नसती; गवताने ती झाकलेली असते. परत आल्यावर पहिला कागद त्या भेगेचा लिहिला.

पावसाचे प्रमाण ध्यानात यावे म्हणून एक उदाहरण देतो. जुलै २०२४ च्या अखेरच्या आठवड्यात एका चोवीस तासांत ताम्हिणी परिसरात साडेपाचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला. पुणे शहराची वर्षभराची सरासरी सातशे-साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास आहे.

दुसरा पाहुणा म्हणजे पर्यटक. तो नेमका याच पावसात येतो, शनिवारी व रविवारी. धबधब्यांखाली गर्दी होते, घाटात वाहनांच्या रांगा लागतात, आणि सोमवारी गावकरी खाचरातून बाटल्या वेचतात. फुटलेल्या काचेने लावणी करणाऱ्या बाईचा पाय कापला, ही तक्रार मी एकाहून अधिक गावांत ऐकली आहे. पाण्याचा अंदाज न आल्याने दर वर्षी जीवही जातात. २०२४ च्या पावसाळ्यातील दुर्घटनांनंतर जिल्हा प्रशासनाने धोक्याच्या स्थळी प्रतिबंधात्मक आदेश काढले होते. पर्यटक नकोच, असे मात्र गाव म्हणत नाही. रानभाज्या, तांदूळ, मध, घरचे जेवण यांना गिऱ्हाईक मिळाले तर ते हवेच आहे. राज्य शासनाच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणानुसार शेतकऱ्यास आपल्या शेतावर पाहुण्यांची राहण्या-जेवण्याची सोय करून पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. नोंदणीचा अर्ज भरून देण्यास ग्रामपंचायतीने एक माणूस बसविला तरी पुष्कळ काम होईल. कारण सध्या मोठा नफा मिळतो तो जमीन विकत घेऊन कुंपण घालणाऱ्यास. ज्याने जमीन विकली त्याचाच मुलगा त्या कुंपणाच्या दारावर राखणीस उभा, असे दृश्य पिरंगुटपासून पुढे ठिकठिकाणी दिसते. २०१८ च्या 'मुळशी पॅटर्न' या चित्रपटाने तालुक्याच्या या दुखण्याला सर्वदूर नाव मिळवून दिले. तालुक्यातील वडीलधाऱ्यांना ते नाव फारसे रुचलेले नाही.

ग्रामसभेने वाहनतळाची जागा, कचऱ्याची फी, देवराईची हद्द आणि वाटाड्याचा दर ठरवून फलक लावणे ही गोष्ट तशी साधी. परंतु ती पावसाळ्यापूर्वी, वैशाखातल्या सभेत व्हावयास हवी. आषाढात ठराव करण्यास कोणास सवड नसते, सारे गाव चिखलात असते.

तिसरा पाहुणा वास्तविक पाहुणा नव्हेच. मुंबईस जेवणाचे डबे पोचविणाऱ्या मंडळींत मावळ-मुळशीकडील घरे पुष्कळ आहेत. चैत्रात गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या की मुंबईत डब्यांचे काम चार-सहा दिवस बंद राहते आणि ही माणसे आपापल्या गावी येतात. देवाची पालखी, रात्रीचा तमाशा किंवा भजन, दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा आखाडा; वर्षभर चार म्हाताऱ्या माणसांवर चाललेले गाव या दिवसांत ओळखू येत नाही. गाव पाहावयाचे तर या दिवसांत पाहावे, असे माझे मत आहे. शाळेच्या ओट्यावर बसून मुंबईकर आणि गावकरी यांच्यात रस्ता, पाणी, समाजमंदिर यांवर जे बोलणे होते ते कोणत्याही ग्रामसभेच्या इतिवृत्तात सापडणार नाही.

गेल्या चैत्रात अशाच एका जत्रेस गेलो असता आखाड्याची वेळ झाली तरी एक गडी घराच्या छपरावर चढलेला दिसला. अंधेरीकडे डबे पोचवितो असे म्हणाला. पावसाआधी कौले शाकारून देण्यासाठी त्याच्याकडे हीच एक दुपार होती. खाली त्याची आई एकेक कौल पुसून वर देत होती. फुटकी किती निघाली, असे मी विचारले. "सोळा," ती म्हणाली, "आणि वानरांनी सरकवलेली ती वेगळी." चार वाजता पौडची गाडी होती. तोवर अर्धे छप्पर झाले होते. उरलेले शेजारचा करील, असे ठरवून तो खाली उतरला, हातपाय धुतले आणि देवाला नारळ फोडायला गेला.